समुद्रतळाच्या विद्युत्-मोजणीची कुळकथा

समुद्रतळाखालच्या गाळात पाण्याच्या स्फटिकांत कोंडला गेलेला मिथेन, म्हणजे गॅस हायड्रेट, हुडकण्याचे काम दीर्घकाळ ध्वनिलहरींच्या हवाली होते; आणि तळाच्या चढउतारांना समांतर अशी जी एक रेषा त्या लहरींच्या आलेखात उमटते, तिलाच हायड्रेटचा दाखला मानण्याची वहिवाट पडली होती. वस्तुतः ती रेषा उमटते मुख्यत्वे हायड्रेटच्या मुलखाच्या खालच्या हद्दीशी साचलेल्या मोकळ्या वायूमुळे. हद्दीच्या वर माल किती, याची जबानी ती देत नाही. 1995 साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडे ब्लेक रिजवर छिद्रे घेतली, तेव्हा रेषेचा मागमूस नसलेल्या ठिकाणीही हायड्रेट निघाले.

दुसरी पद्धत त्यापूर्वीच जन्मली होती, पण निराळ्याच प्रयोजनासाठी. स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेतील चार्ल्स कॉक्स यांना महासागराखालच्या खडकांची विद्युत्वाहकता जाणून घ्यावयाची होती. खारे पाणी विजेचे सुवाहक असल्यामुळे विद्युत्-चुंबकीय लहरी त्यात चटकन विरतात, हा या मार्गातील अडसर समजला जाई. परंतु वातावरणातून येणारा गोंगाटही तेच पाणी वरच्यावर गिळते, आणि तळाशीच प्रवाह सोडला तर त्याचा क्षीण पडसाद त्या नीरवतेत दूरवर टिपता येतो, ही मेख कॉक्स यांनी ओळखली व 1979 साली पूर्व पॅसिफिकच्या कटकावर तिचा प्रयोग झाला. माझ्या मते या कुळाचा मूळ पुरुष तोच.

हायड्रेटशी सोयरीक जुळविण्यात मोठा वाटा टोरांटोच्या नायजेल एडवर्ड्‌स यांचा. सागरजलाची रोधकता सुमारे 0.3 ओहम-मीटर, ओल्या गाळाची एकाच्या आसपास. हायड्रेटने रंध्रांतले खारे पाणी हुसकावले की ती वाढते, आणि एकाएकी पालटलेल्या प्रवाहाचा संकेत अशा गाळातून पाण्यापेक्षा आधी पोहोचतो, हे त्यांनी 1997 मध्ये हिशेबाने मांडले. पुढे 2004 साली ओरेगॉनजवळच्या हायड्रेट रिजवर स्क्रिप्सच्या मंडळींनी प्रत्यक्ष मोजणी केली.

आकड्यांना मात्र उलटतपासणी हवीच. 2006 साली कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात हायड्रेट उभ्या भेगांतून भरलेले आढळले; छिद्रात नोंदलेली रोधकता नेहमीच्या सूत्रात घातली असता साठा फुगून दिसे, आणि मूळ दाब राखून वर आणलेल्या गाभ्यांतील मिथेन मोजल्यावर तो बराच कमी भरला.