थांबा आणि चाल : फाळक्यांच्या वाटाण्यापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

सालाबादप्रमाणे माझ्याकडून मंडपाच्या वायरिंगचा हिशोब मागितला जातो. यंदा संपादकांनी लेख मागितला आणि "विषय तुमच्या आवडीचा" म्हणून ते मोकळे झाले. मी रेल्वेत वॅगन दुरुस्तीचे काम पाहणारा डिप्लोमावाला माणूस. माझ्या हातात पेनापेक्षा पाना शोभतो. तरी वर्षभर आमच्या घरात ज्या विषयावर वाद झाला, तोच मांडतो. संगणकावर घडवलेल्या चित्रपटांत रंग आणि हालचाल इतकी जिवंत कशी वाटते, आणि या विद्येची पाळेमुळे आपल्या मराठी मातीत कुठे सापडतात, हा तो विषय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. बारा वर्षांपूर्वी आपल्या देखाव्यात बाप्पाला मोदक देणारा उंदीर मी केला होता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. वायपरची मोटर आणि हृदयाच्या आकाराचा कॅम, असा सगळा जमाखर्च होता. हा कॅम आम्हाला डिप्लोमाला शिकवलेला. तो समान वेगाने वर नेतो आणि समान वेगाने खाली आणतो. उंदराची मान दहा दिवस न चुकता हलली. पण टोकाला पोचली की झटक्याने उलटी फिरायची. पहिल्याच संध्याकाळी एक लहान मुलगा म्हणाला, "पापा, ये तो मशीन है!" सगळे हसले, मीही हसलो. पण मनाला लागले. यंत्रात चूक नव्हती, मग जीव का नव्हता?

उत्तर शोधताना दादासाहेब फाळके भेटले. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याआधीची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. १९१२ साली ते लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवल द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि मध्ये वेळ सोडत एकेक चित्र घेतले. ती चित्रे सलग दाखवल्यावर मातीतून कोंब उगवून वर चढताना दिसला! ही लहानशी फिल्म पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. त्याआधीच दादासाहेबांना विम्याची पॉलिसी गहाण ठेवावी लागली होती, ती गोष्ट वेगळी.

पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. निर्जीव काड्या पडद्यावर खेळू लागल्या. ती फिल्म आज पाहायला मिळत नाही. पण संगणकावरचा आजचा चित्रपटही त्याच तत्त्वावर चालतो. सेकंदाला २४ चित्रे धरली तर ऐंशी मिनिटांच्या चित्रपटाला १,१५,२०० चित्रे लागतात. काडी सरकवणारा हात बदलला, एवढेच.

रंगाचा धागाही फाळक्यांपर्यंतच जातो. सिनेमाच्या आधी ते लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेसमध्ये छपाईच्या कामात होते. आपल्या आजी-आजोबांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी याच छापखान्याच्या परंपरेतल्या. तिथे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. मूळ चित्र पाहून कारागीर ठरवी, गालावर तांबडा किती आणि पिवळा किती. एक दगड केसभर सरकला की देवीचा चेहरा बिघडलाच. संगणकही रंग असाच वेगळा करतो. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा धरल्या तर एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. मात्र त्यातला कोणता, कुठे आणि किती, हे सांगायला कारागिराचाच डोळा लागतो.

रंगाने भल्याभल्यांची परीक्षा पाहिली आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीत काम करून घेतले. तरीही रंग मनासारखे उतरले नाहीत. उलट, १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' केला, त्यातली चित्रे किती साधी! चित्रांकन भीमसेन यांचे. माझ्या पिढीने तो दूरदर्शनवर कितीदा पाहिला असेल. रंग मोजके, रेषा थोड्या, तरी जाळे घेऊन उडणाऱ्या चिमण्या खऱ्या वाटल्या. म्हणजे जीव साधनांच्या श्रीमंतीतून येतो असे नव्हे.

१९९५ साली 'टॉय स्टोरी' आला. पूर्ण लांबीचा, सर्वस्वी संगणकावर घडवलेला तो पहिला चित्रपट. त्यात नायक म्हणून खेळणी घेतली, त्यातही शहाणपण होते. तेव्हा संगणकाला प्लास्टिक छान जमे, माणसाची कातडी जमत नसे. कारण कातडी नुसता प्रकाश परतवत नाही. अंधारात तळहातामागे टॉर्च धरून पाहा, बोटांच्या कडा लाल दिसतील. प्रकाश आत शिरतो, पसरतो आणि मग बाहेर येतो. हे गणित संगणकाला झेपेल अशा रीतीने २००१ साली मांडले गेले आणि पडद्यावरचे चेहरे मेणचट दिसणे कमी झाले. आपल्याकडे २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' आणि २००७ मध्ये 'बालगणेश' आला. घरोघरची मुले त्यांत रमली.

आता हालचालीकडे येतो, कारण माझा उंदीर तिथेच अडला होता. माझ्या मुलीने बारावीनंतर ॲनिमेशन शिकायचे ठरवले. मी स्पष्ट नाही म्हणालो. रेल्वेच्या पगारावर वाढलेल्या घरात चित्रांचा भरवसा कोण धरणार? महिनाभर आम्ही बापलेक कामापुरतेच बोललो. एका रात्री ती संगणकावर चेंडू उडवत बसली होती. सुरुवातीची आणि शेवटची जागा आपण द्यायची, मधली चित्रे संगणक भरतो. त्याने जागा सरळ रेषेने जोडल्या होत्या. चेंडू टोकाला गेला आणि झटक्याने परतला. मी ओरडलोच, "अगं, हा तर माझा उंदीर!" ती म्हणाली, "बाबा, रेघ वाकवावी लागते. सुटताना हळू, थांबताना हळू." आणि तिने रेघ वाकवली. चेंडूला वजन आले.

वाचकहो, ती वाकडी रेघ मला पाठ होती. डिप्लोमाच्या वहीत समान वेगाच्या कॅमच्या पुढच्याच पानावर ती काढलेली आहे. आणि रायपूरच्या यार्डात मी ती रोज पाहतो. मालगाडी सुटते तेव्हा सगळे डबे एकदम हलत नाहीत. आधी इंजिन हलते, मग कपलिंग एकामागून एक ताणले जाते आणि शेवटचा डबा सर्वांत उशिरा निघतो. मुलगी म्हणाली, "मांजराची शेपटीही अशीच काढतात. आधी अंग, मग शेपूट." वीस वर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला पोरीने दाखवली! वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसलेल्या फाळक्यांनीही हेच केले असणार. आधी पाहिले, मग हलवले. यंत्र मधली चित्रे भरून देते. कुठे थांबायचे ते माणसालाच पाहून ठरवावे लागते.

फॉर्मवर मी सही केली. काळजी गेली असे म्हणणार नाही. या धंद्यात काम आज असते, उद्या नसते, असे ऐकतो. पॉलिसी माझ्याकडेही एक आहे, ती गहाण पडू नये एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

असो. यंदा तो उंदीर पुन्हा देखाव्यात आहे. मोटर तीच, कॅम मात्र नवा. त्याची रेघ मुलीने काढली, कानशीने मी घासला. मोदक उचलण्याआधी उंदीर क्षणभर थांबतो आणि बाप्पाकडे पाहतो. आपल्या मुलांना घेऊन अवश्य या. ती काय म्हणतात ते मला कळवा. पुन्हा "मशीन है" म्हणाली, तरी मोकळेपणाने सांगा. कॅम अजून घासता येतो.

गणपती बाप्पा मोरया!