सागवानी पट्टीचा वारसा

हुसेनसागराच्या काठी १९२० साली निजाम सरकारचे कोळशावर चालणारे वीजगृह उभे राहिले आणि हैदराबादेच्या सुखवस्तू घरांतून दिव्याचे बटण हळूहळू रुळू लागले, तेव्हा या नव्या पाहुणीला उर्दू दप्तराने ‘बर्क’ म्हटले आणि सुलतानबाजार-काचिगुड्याच्या मराठी बिऱ्हाडांनी ‘वीज’. दोन्ही शब्द मूळचे आकाशातल्या विजेचे. तेव्हा जी वरून कोसळते तिला घरात नांदवायचे तर बंदोबस्त पक्का हवा, ही ताकीद नावातच होती.

त्या बंदोबस्ताचे पहिले साधन लाकूड. दगडचुन्याच्या रुंद भिंतीत खाच पाडणे कष्टाचे, म्हणून भिंतीवर दोन खोबणींची पट्टी ठोकून, एकीतून जाणारी व दुसरीतून परतणारी तार नेऊन वर झाकण बसवीत, हेच ‘केसिंग-केपिंग’. पुढे सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी जखडलेली, रबरी वेष्टनाची तार आली. हे रबर गंधकाने पक्के केलेले असे आणि गंधक तांब्याला खाते, म्हणून पितळेच्या पातेल्याला करावी तशी कल्हई तांब्याच्या तारेलाही करीत. तरीही उन्हाळ्यांमागून उन्हाळे सोसून रबर शुष्क होई, तडके. परंतु सारे डोळ्यांसमोर असल्याने दोष लपत नसे आणि घरधनी वेळीच वायरमनला बोलावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसीचे वेष्टन रूढ झाले, विटांच्या भिंतींत झिऱ्या पाडणे सोपे झाले, आणि तार नळीत शिरून गिलाव्याखाली गडप झाली. घराची शोभा वाढली, पण आजवर डोळा करीत असलेली राखण आता नियमाला करावी लागली. मध्यंतरी तांब्याच्या टंचाईत वापरलेले ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून सैल पडे व जोड तापे. तो जोड भिंतीआड असता तर धूर निघेपर्यंत कोणास कळते? म्हणून नळीत जोड नाही, जोड फक्त उघडता येणाऱ्या पेटीत, हा पहिला दंडक.

दुसरा दंडक जाडीचा. जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’ म्हणतात, म्हणजे वीस नंबरच्या तीन तारांचा पीळ. आजचे माप चौरस मिलिमीटरचे. दिवे-पंख्यांना दीड, मोठ्या प्लगांना अडीच आणि गीझर वा वातानुकूलन यंत्राला चार, ही सामान्य वहिवाट. भिंतीत कोंडलेल्या तारेची उष्णता सहज बाहेर पडत नाही, म्हणून येथे काटकसर करू नये. सोबत हिरवी अर्थिंगची तार हवीच.

तिसरा दंडक मार्गाचा, आणि त्यात मला त्या सागवानी पट्टीचाच वारसा दिसतो. पट्टी तिरपी ठोकली तर भिंत विद्रूप दिसे, म्हणून ती उभी किंवा आडवी धावे. गिलाव्याखालच्या नळीनेही तीच शिस्त पाळली, तर बटणाच्या सरळ वर-खाली तार असणार हे खिळा ठोकणाऱ्या परक्या माणसालाही ताडता येते. अंतर वाचविण्यासाठी तिरपी नेलेली नळी पुढच्या पिढीसाठी सापळा ठरते.

तेव्हा वाचकहो, घर बांधीत असाल तर गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा नकाशा मापांसह काढा आणि घराच्या खरेदीखतासोबत जपून ठेवा.