जुनेराची घडी

आज आम्ही एका कापडाचा इतिहास सांगणार आहोत. तो शाळेच्या पुस्तकात नाही, पण आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे.

आपला गेवराई तालुका कापसाचा. सुती कापड घरात कधी वाया जायचं नाही. लुगडं विरलं की त्याचं जुनेर व्हायचं. जुनेराची गोधडी व्हायची, बाळाचं दुपटं आणि लंगोट व्हायचे, अंग पुसायचं फडकं व्हायचं, आणि पाळीची घडीही त्यातूनच निघायची.

बाळाचे लंगोट धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळायचे, सगळ्यांच्या देखत. पाळीची घडी मात्र पत्र्याआड, नाहीतर दुसऱ्या लुगड्याखाली. कापड तेच, धुणारे हातही तेच. आड आला तो विटाळ. ऊन न लागल्यानं घडी दमट राहायची, दमट कापडात जंतू वाढायचे, खाज आणि पुरळ उठायची. दोष मात्र कापडाच्या माथी गेला.

तिकडे अमेरिकेत एकदा वापरून फेकायच्या वस्तू येत होत्या. १८५७ साली जोसेफ गायेटी यानं शौचाचा कागद विकायला काढला. आपल्याकडे शौचाला पाणी, म्हणून खेड्यात तो रुजला नाही. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा पदार्थ वापरत. परिचारिकांनी तोच पाळीसाठी वापरला, आणि त्यातून १९२० साली ‘कोटेक्स’ पॅड बाजारात आलं. त्याआधी तिकडच्याही बहुतेक बाया घरचं कापडच घ्यायच्या.

आपल्याकडे पॅड खेड्यापर्यंत यायला फार वर्षं गेली. ८ मार्च २०१८ ला राज्य सरकारनं अस्मिता योजना सुरू केली. तेव्हा जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड होती, आणि विक्री बचतगटांकडे होती. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटीही उठला.

पण नुसतं पॅड आलं म्हणून सगळं सुटलं नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बाया कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पालावर ना पुरेसं पाणी, ना न्हाणी, ना कापड वाळवायला जागा. पॅड मिळालं तरी बदलायला आडोसा नाही. खाडा केला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणं अंगावर काढायचं. २०१९ साली सरकारी समितीनं बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे लहान वयातली लग्नं, जड ओझी, अर्धवट सल्ला अशी कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पण पाणी आणि आडोसा नसणं हे त्यातलं एक आहेच.

२०२१ साली भारतीय मानक ब्युरोनं धुऊन वापरायच्या पॅडसाठीही मानक ठरवलं. म्हणजे आज्यांचं कापड मागासलेलं नव्हतं, त्याला फक्त पाणी आणि ऊन मिळत नव्हतं.

घरी करायचं तर जुनी, मऊ, सुती साडी किंवा बनियनचं कापड घ्या. साबणानं धुऊन उकळून घ्या. चार-पाच पदरांची घडी शिवा, दोन्ही बाजूंना पंख ठेवून टिचबटण लावा. टेरिकॉट घेऊ नका, ते ओल शोषत नाही. चार-सहा तासांनी बदला. आधी गार पाण्यात भिजवा, कारण गरम पाण्यानं डाग बसतो. मग साबणानं धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. एकीची घडी दुसरीनं वापरू नये. खाज, वास किंवा अंगावरून पांढरं जास्त जात असेल तर आशाताईंना सांगा.

जिथं पाणी आणि ऊन नाही, तिथं विकतचं पॅड बरं. ते कागदात गुंडाळून वेगळं द्या, उकिरड्यावर टाकू नका, त्यातलं प्लास्टिक कुजत नाही. जी जे वापरते त्यावरून तिला नावं ठेवू नका.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवू. फडावर पाणी आणि न्हाणी मागायची. आणि घरच्या दोरीवर लंगोटाशेजारी पाळीची घडीही उन्हात घालायची. लेकी बघतील, आणि त्यांना पत्र्याआड जावं लागणार नाही.