गोड विषाची कथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शार्ल-आदोल्फ व्यूर्त्स या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एथिलीन ग्लायकॉल प्रथम सिद्ध केले, तेव्हा त्या रंगहीन, किंचित गोड द्रवाला फारसे काम नव्हते. ते काम मोटारीने दिले. थंड प्रदेशात रेडिएटरमधील पाणी गोठून फुगे आणि इंजिनाचे ओतीव लोखंड तडकून जाई. त्यावर वापरले जाणारे मद्यार्क इंजिनाच्या उष्णतेने उडून जात. १९२७ साली अमेरिकेत ‘प्रेस्टोन’ हे ग्लायकॉलचे गोठणरोधक बाजारात आले, आणि पुढे ते घरोघरच्या गॅरेजात जाऊन बसले. त्या गॅरेजातच घरचा कुत्राही निजत असे.

ग्लायकॉल स्वतः मोठेसे विषारी नाही. घात करते ते यकृत. तेथील विकर त्याचे क्रमाक्रमाने ऑक्झॅलिक आम्ल बनवते, आणि त्याचे कॅल्शियमशी जुळलेले स्फटिक मूत्रपिंडात साचतात. चार किलोच्या मांजरास चहाचा एखादा चमचा पुरतो. प्रारंभी जनावर झोकांड्या खाते. मग, विशेषतः कुत्रा, सावरल्यासारखा दिसतो. धनी निश्चिंत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

यावरचा जुना उतारा म्हणजे साधे मद्य! ते त्याच विकराला अडकवून ठेवते. मात्र आधीच झिंगलेल्या जनावरास आणखी झिंगवते. १९९६ मध्ये फोमेपिझोल हे औषध अमेरिकेत मान्य झाले, तेही प्रथम कुत्र्यांसाठी. माणसाची पाळी एक वर्षाने आली. कुत्र्यास ते आठ तासांच्या आत मिळावे लागते, मांजरास तीन तासांच्या आत व पुष्कळ मोठ्या मात्रेत.

प्रतिबंधाची वाट अधिक लांबली. १९५८ साली एडिंबरो येथे गवसलेले डेनाटोनियम हे अतिकडू द्रव्य गोठणरोधकात मिसळण्याची सक्ती ऑरिगन राज्याने १९९१ च्या कायद्याने केली. कॅलिफोर्नियाचा कायदा २००२ चा. सर्व अमेरिकेपुरते उत्पादकांनी ते स्वेच्छेने मान्य केले, ते २०१२ च्या डिसेंबरात. पण कडूपणाने जनावरे हटतातच, असे प्रयोगांतून निर्विवाद दिसलेले नाही. मांजरीची गोष्ट तर निराळीच. तिला गोड चव कळतच नाही, हे २००५ मध्ये जनुकांवरून स्पष्ट झाले. ती सांडलेल्या थारोळ्यातून चालत जाते आणि मागाहून कोपऱ्यात बसून, सवयीप्रमाणे, आपले पंजे चाटते.