पंचशिखाची वीणा आणि कमळांचे सरोवर

फूल हे प्रेमाचे प्रतीक, ही कल्पना बौद्ध वाङ्मयात बहुधा माराच्या बाजूने येते. धम्मपदाच्या पुप्फवग्गात, ४६व्या गाथेत, माराची शस्त्रे पुष्पमय आहेत. अश्वघोषाने तर बुद्धचरितात मारास कामदेवच म्हटले आहे. त्यामुळे दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्त वाचताना त्यातील प्रेमगीत आपण घाईने ओलांडतो. ते उचित नाही, असे आम्हांस वाटते.

राजगृहाजवळ वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत भगवान विराजमान असता पंचशिख गंधर्व बेलाच्या लाकडाची वीणा छेडून गातो. उन्हाने तापलेला हत्ती कमळकेसरांनी भरलेल्या सरोवरात शिरावा, तशी सूर्यवर्चसेच्या मिठीची आस तो सांगतो. आणि त्याच गीतात बुद्ध, धम्म व अरहंत यांचेही स्मरण करतो! भगवानांनी त्याचा धिक्कार केला नाही. तारांचा व कंठाचा स्वर उत्तम जुळतो, असे म्हणून या गाथा केव्हा रचल्या, एवढेच विचारले. भगवान नुकतेच संबुद्ध होऊन नेरंजरेच्या तीरी राहत असताना, असे उत्तर मिळाले.

सूर्यवर्चसेचे मन तेव्हा मातलीपुत्र शिखंडीवर जडले होते. हे गीत ऐकून, त्यातील बुद्धस्तुतीमुळे, ती पंचशिखास एकदाच भेटली. सुत्ताच्या शेवटी शक्र तिला पंचशिखास देऊन टाकतो. त्या प्रसंगी तिचे मत काय होते, हे मात्र सुत्त नोंदवीत नाही.