यंत्राचा ठेका आणि तरुणांची ओळख

मुंबई-बंगळूर महामार्गालगतचें पुनावळे हें पूर्वीं पवनेकांठचें शेतकऱ्यांचें गांव. आतां तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें असून हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारीं अनेक कुटुंबें तेथील उंच इमारतींत राहतात. कोणी विदर्भांतून आलेलें, कोणी खानदेशांतून, तर कोणी पार बिहारांतून. त्यांच्या मुलांना ‘तूं कोठला?’ असें विचारलें, तर एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. हीं मुलें ज्या विद्युत्-वाद्यांच्या गीतांवर नाचतात, तीं ऐकून घरांतील वडील माणसें मात्र चटकन् निकाल देतात, कीं हें परक्यांचें अनुकरण आहे. यांत आपलें असें कांहींच नाहीं. हा निकाल न्याय्य आहे काय, हें इतिहासाला विचारून पाहण्यासारखें आहे.

एके काळीं हाच आरोप बाजाच्या पेटीवर होता. युरोपांतून आलेलें हें वाद्य मराठी संगीत रंगभूमीनें आपलेंसें केलें. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनीं त्याला मैफलींत मानाचें स्थान मिळवून दिलें. तरीहि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला बंदी केली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप अगदींच निराधार नव्हता. पेटीचे स्वर बांधलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद जाणारी मींड तिच्यांतून निघत नाहीं. परंतु गायकांनीं व भजनी मंडळांनीं पेटी सोडली नाहीं, आणि आज तिला परकी म्हणणारा मनुष्य शोधूनहि सांपडणार नाहीं.

पेटीचें हें उणें भरून काढण्याची सोय पुढें एका जपानी यंत्रांत निघाली. रोलंड कंपनीचें टीबी-३०३ हें यंत्र खर्जाच्या साथीसाठीं बनविलेलें. त्यांत एक स्वर दुसऱ्यांत सरकत नेण्याची योजना होती. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं हें यंत्र व त्याच कंपनीचें तालयंत्र घेऊन भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग नृत्याच्या ठेक्यावर बसविले. ती ध्वनिमुद्रिका चालली नाहीं. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या ‘फ्यूचर’ या मंडळीनें त्याच जातीच्या यंत्रावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढलें, आणि तेथून नृत्यसंगीताचा एक नवा संप्रदाय जगभर पसरला. २०१० सालीं सिंगांची मुद्रिका पुन्हां प्रसिद्ध झाली, तेव्हां जाणकार चकित झाले. तसाच नाद मुंबईंत पांच वर्षें आधीं उमटून गेला होता, आणि तोहि रागांच्या आधारानें!

या पार्श्वभूमीवर पुणेकर तरुण रित्विझ याचें २०१७ सालचें ‘उड गये’ हें गीत ऐकावें. त्यानें लहानपणापासून हिंदुस्थानी गायनाचें शिक्षण घेतलेलें आहे. गीताचे शब्द हिंदी, ठेका पश्चिमेच्या नृत्यगृहांतला. पण गळ्यांतील हरकती आपल्या पद्धतीच्या. हाच गळा यंत्रानें कापून, पुन्हां जोडून, वाद्यासारखाहि वापरला आहे. बंधनें झुगारून मोकळें होण्याची यौवनाची ओढ त्यांत भरली आहे. मात्र मोकळें होण्यासाठीं त्यानें शिकलेलें गाणें टाकून दिलेलें नाहीं. तेंच बरोबर घेऊन तो निघाला आहे. पुनावळ्याच्या मुलांना हें गीत जवळचें वाटावें, यांत नवल नाहीं. गळा एका घराचा, ठेका दुसऱ्या खंडाचा, आणि दोन्ही एकाच तरुणाचे! ‘तूं कोठला?’ या प्रश्नाचें याहून प्रामाणिक उत्तर तीं मुलें तरी काय देणार?

रात्रीं आवाज बेतानें ठेवा, असें सांगण्याचा वडिलांना पूर्ण अधिकार आहे. परंतु ‘यांत आपलें कांहीं नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं त्यांनीं मुलाशेजारीं बसून एकदां तें गीत अथपासून इतिपर्यंत ऐकावें. ज्या पेटीवर ते स्वतः आरत्या म्हणत वाढले, तिलाहि कोणी तरी प्रथम असेंच घरांत घेतलें होतें.