सातपुड्याचा रानपिंगळा आणि मांडवीची खोटी चिठ्ठी

डिंडोलीतल्या आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या आसपासची. उधना सुटले की नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही स्टेशने आपल्याला तोंडपाठ. पण नंदुरबारच्या पलीकडे, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जगभरच्या पक्षी-अभ्यासकांना पडलेले एक कोडे सुटले, हे आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही.

कोडे होते रानपिंगळ्याचे. हे जेमतेम वीतभर उंचीचे घुबड. १८७२ साली ब्लेविट यांना ते आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळाले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. नंतर खान्देशातले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा भागातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. डॉ. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्याही हाती तो लागला नाही.

मधली एकच नोंद होती. कर्नल माइनर्टझागेन यांच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: १९१४, मांडवी, तापीकाठ. म्हणजे आपलाच सुरत जिल्हा! अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा बिंग फुटले. डेव्हिडसन यांचाच एक पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीने शोध भलतीकडेच नेला होता.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या डोंगरउतारावर, पानगळ झालेल्या झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. तोही भर उजेडात, कारण हे घुबड दिवसाच वावरते. ११३ वर्षांची ताटातूट संपली. पुढे तो तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि डांगच्या पूर्णा अभयारण्यातही आढळला.

आज त्याला धोका आहे तो जंगलतोडीचा. जुनी झाडे गेली की घरट्याच्या ढोल्या जातात. घुबड अशुभ, ही समजूतही त्याच्या जिवावर उठते. लक्ष्मीच्या वाहनाला आपणच अपशकुनी ठरवतो!

यंदा आखाजीला गावी गेलो की एक पहाट तोरणमाळच्या वाटेवर मुलांसोबत काढू या. जो पक्षी दिसेल त्याचे नाव, दिवस आणि जागा वहीत लिहू. पण जे दिसले तेवढेच. डेव्हिडसन यांच्या खऱ्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनी कामी आल्या. आपल्या मुलांची वहीही कुणाच्या तरी उपयोगी पडेल.